ग्लाफिरा आजीची होडी

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळा नदीपलीकडे होती आणि त्याच वर्षी सरकारी नाव बंद झाली. गावचा प्रमुख म्हणाला, "ग्लाफिरा येगोरोव्ना, पोरीला वसतिगृहात ठेवा. वय झालं तुमचं."

"वय तुझंही झालंय. तोंड थकलं का तुझं?" आजी म्हणाली आणि आजोबांची होडी तिनं पाण्यात लोटली.

पुढं शेजारची चार मुलंही होडीत आली. नदी गोठली की आजी काठीनं बर्फ ठोकत पुढं चालायची. बर्फ फुटायचे दिवस सोडले, तर दहा वर्षांत आमची शाळा कधी बुडाली नाही.

मला डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा आजी पहिल्या रांगेत होती. बाजूला बसलेल्या बाईनं तिला विचारलं, "तुमची कुठली हो?"

"ती उंच. माझी नात!" मला मंचावर ऐकू आलं.