विनंती थांबा

उजवा हात डोक्याच्या वर न्यायचा, तिथे नसलेली दोरी ओढायची आणि तोंडाने "टिंग" म्हणायचं. आमच्या अंगणात ही खूण झाली की दोन-अडीच वर्षांचं एखादं पोर हातातलं खेळणं टाकून, चड्डी सावरत मोरीकडे पळताना तुम्हाला दिसलं असतं. आणि मागून त्यांचा आवाज, "सावकाश, सावकाश. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका."

ते म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त एसटी कंडक्टर. देवरूख, दापोली, गुहागर, सगळे घाट आणि सगळ्या खाड्या त्यांनी उभ्याने पार केलेल्या. आम्ही मोठी माणसं त्यांना काका म्हणायचो, पोरं टिंगआजोबा. रत्नागिरीत एका अंगणाभोवती आमची चार बिऱ्हाडं होती. माझा नवरा मुंबईला नोकरीला, त्यामुळे इथे मी, माझं ऑफिस आणि माझा मुलगा मिहीर. शेजारच्या दारात काका, काकू, त्यांचा मुलगा, सून आणि नात ओवी.

सून पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा ओवीचा डायपर सोडवायची जबाबदारी काकांनी आपणहून घेतली. काकूंनी त्यांना मुलाच्या वेळेची आठवण करून दिली. त्या काळात काका कायम ड्युटीवर असायचे आणि मुलगा मोठा कसा झाला हे त्यांना ठाऊकच नव्हतं. काका म्हणाले, तेच तर भरून काढायचंय.

पहिले काही दिवस त्यांनी वेळापत्रक लावलं. दर तासाला ओवीला गुलाबी पॉटवर बसवायचे आणि समोर पाटावर स्वतः बसायचे. ओवी महाराणीसारखी बसायची. गाणी म्हणायची, आजोबांच्या मिशा ओढायची, बिस्कीट मागून घ्यायची. मग उठायची, दाराआड जायची आणि जे करायचं ते आजोबांच्या चपलेत करायची. एकदा नव्हे, रोज. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमच्या गाडीत पॅसेंजर बसतो बरोबर, पण उतरतो भलत्याच गावाला."

त्या वाक्यावर आम्ही चारही बिऱ्हाडं दोन दिवस हसत होतो. काका मात्र विचारात पडले. त्यांनी पाट उचलून ठेवला, पॉट कोपऱ्यात सरकवला आणि नुसतं ओवीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर गेटातच मला थांबवून सांगायला लागले. "अगो बाय, ती आधी गप्प होते. मग पडदा धरते. मग एका पायावर उभी राहते. हात दाखवते गो ती गाडीला, आपणच बघत नाय. हा विनंती थांबा हाय. पॅसेंजरने हात केला की थांबायचं, उगाच दर मैलाला गाडी उभी करून कोण उतरणार?"

तेव्हापासून ती टिंग सुरू झाली. ओवी पडद्याकडे गेली रे गेली की दोरी ओढली जायची. आठवड्याभरात ओवीच हात वर करून टिंग करायला लागली. मग बाकीच्या बिऱ्हाडांतली पोरं शिकली, मग पलीकडच्या गल्लीतून आया आपली पोरं आणून सोडायला लागल्या. काकांना इतर कुणाच्याही चपला भिजलेल्या चालायच्या, स्वतःच्या मात्र ते उंचावर ठेवायचे.

ओवीचं पहिलं यश कसं जाहीर झालं ते सांगायलाच हवं. तिने पॉटमध्ये केलं आणि ते सगळ्यांना दाखवायचा हट्ट धरला. काकांना तिचं म्हणणं पटलं. दोघं पॉट घेऊन निघाले, ओवी पुढे, आजोबा मागे आधाराला. मी उठून पाहिलं, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दारात वाजल्या. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात त्या दिवशी मुलगी बघायला पाहुणे आले होते. पोहे हातात, मुलीला शिक्षण विचारून झालेलं, आणि दारात गुलाबी पॉट. काका अत्यंत अदबीने म्हणाले, "मंडळी, दोन मिनिटं घेतो." मंडळींनी पाहिलं. मुलाचा बाप आधी खोकला, मग त्याला हसू आवरेना, मग मुलगी पदर तोंडात धरून आत पळाली आणि आतून तिचं हसणं सगळ्यांना ऐकू आलं. ते लग्न जमलं. मुलगा पुढे सगळ्यांना सांगायचा की त्या हसण्यावर त्याने होकार दिला.

माझ्या घरात मात्र वेगळी गोष्ट चालू होती. मिहीर पहिलीत होता. दिवसाचं सगळं तो कधीच शिकला होता, पण रात्री अंथरूण ओलं व्हायचं. मी सकाळी लवकर गादी उचलून मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीआड वाळत टाकायची. हेदवीला सासरी गेलो तेव्हा चुलत भावंडांनी त्याला एवढं चिडवलं की तो परत तिकडे यायला तयार होईना. सासूबाई मला म्हणाल्या, आमच्यात हे कुणाला नव्हतं हो.

मग त्याने स्वतःच एक उपाय काढला आणि तो कुणाला सांगितला नाही. तो काकांनी पकडला. मे महिना जवळ आलेला, उकाड्याने जीव नकोसा होत होता, आणि मिहीर शाळेतून आला तो ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. ओट्यावर बसताना त्याच्या दप्तरातून पाण्याची बाटली पडली. काकांनी उचलून पाहिली तर ती सकाळी भरली तशीच होती. त्यांनी विचारलं. मिहीरने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

संध्याकाळी काका माझ्याकडे आले. नेहमीसारखे हसत नव्हते. म्हणाले, "पोर दिवसभर तहानलेलं राहतं गो. कोरडं उठायचं म्हणून." मी तिथेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी, मला विचारून, ते मुलांच्या डॉक्टरकडे गेले. मला सुट्टी मिळत नव्हती आणि त्यांना दम निघत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठाय. काका म्हणाले, "पेशंट शाळेत गेलाय, मी चौकशी खिडकीवर आलोय." डॉक्टर हसले, पण समजावून सांगितलं. दिवसाचं शिकवता येतं, रात्रीचं शिकवण्यासारखं नसतं. झोपेत होतं ते, मूल मुद्दाम करत नाही. या वयात पुष्कळ मुलांना असतं आणि बहुतेकांचं आपोआप सुटतं. पाणी दिवसभर भरपूर पाजा, संध्याकाळनंतर थोडं कमी, झोपायच्या आधी मोरीत जाऊ दे, पोट साफ होतं का बघा, रागावू तर मुळीच नका. आणि मुलाला एकदा घेऊन या. नंतर मी मिहीरला नेलं तेव्हा त्यांनी त्याला तपासलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

जाताजाता डॉक्टरांनी काकांना असंही सांगितलं होतं की हे बरेचदा घराण्यात असतं, आई किंवा वडिलांना लहानपणी असतं. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला आणि विचारलं. मग तो हळूच म्हणाला, "आईला विचारू नकोस."

मी अर्थातच विचारलं. सासूबाईंनी आधी तसं काही नव्हतं म्हणून देवाची शपथ घेतली, मग हसायला लागल्या. नवराच नव्हे, त्याचा चुलतासुद्धा. फोन ठेवताना त्यांनी मिहीरला निरोप दिला, ये रे बाबा हेदवीला, गादी माझ्या खोलीत घालू.

मे महिन्यात काकांच्या पडवीत अंगणातल्या सगळ्या पोरांनी झोपायचं ठरलं. गोधड्या, उशा, कोण कुणाशेजारी, याची भांडणं सकाळपासून चालू होती. मिहीर म्हणाला, मला नाही यायचं, मला तिथे डास चावतात. काकांनी त्याला आग्रह केला नाही. संध्याकाळी पोरांना गोळा करून ते आपल्या लहानपणीची गोष्ट सांगायला बसले आणि मिहीर माझ्या दारातून ऐकत होता.

देवरूखजवळच्या त्यांच्या गावात घरासमोर चिऱ्यांचा गडगा होता, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. त्यावर त्यांची आई रोज सकाळी त्यांची गोधडी वाळत टाकायची आणि शाळेत जाणारी सगळी मुलं ती बघत जायची. "तुमच्यापेक्षा मोठा होतो मी. चौथीत. गोधडी वाळत पडली नाय तर लोक आईला विचारायचे, पोरगा गावाला गेलाय काय?" पोरं हसून लोळायला लागली. आतून काकू बाहेर आल्या, हातात कणीक तशीच. "इतकी वर्षं संसार केला, मला कधी बोलला नाहीत ते." काका म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर लग्नाला उभी राहिली असतीस काय?"

मिहीर आत गेला आणि आपली उशी घेऊन आला.

सकाळी त्याची गोधडी ओली होती. पण आणखी एक ओली निघाली, अंगणातल्या सगळ्यात दांडगट मुलाची, ज्याला सगळे घाबरायचे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्या दांडगटानेच आधी हसायला सुरुवात केली. काकांनी दोन्ही गोधड्या पाण्यातून काढून पुढच्या कुंपणावर, रस्त्याच्या बाजूला टाकल्या. लगेच ओवी रडायला लागली, माझी पण टाका. मग सगळ्यांच्याच टाकाव्या लागल्या, कोरड्यासुद्धा. लाल, निळ्या, ठिगळांच्या, एक तर काकूंच्या जुन्या पैठणीची. मासेवाली पाटी घेऊन आली ती बघतच राहिली. "आज कसली जत्रा हाय तुमच्यात?" मिहीरने तिला सरळ सांगितलं, "आम्ही शू केली." तिने पाटी खाली ठेवली आणि कंबर धरून हसली.

त्या दिवसापासून मी गादी टाकीआड नेली नाही.

पुढच्या वर्षी काकांच्या मुलाची पनवेलला बदली झाली. सगळं घर गेलं. अंगणातली पोरं टेम्पोमागे गल्लीच्या टोकापर्यंत धावली. मिहीरचं अंथरूण अजून ओलं व्हायचं, पण कमी. मग कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी गादीवरचं प्लास्टिक झटकताना माझ्या लक्षात आलं की ते कितीतरी दिवसांत ओलंच झालं नव्हतं.

मी लगेच काकांना फोन लावला. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून ते मोठमोठ्याने बोलत होते, लिफ्टमध्ये तीन पोरं गाठ पडली म्हणे, एकाची आई कामाला जाते, बघतो काय जमतं ते. मी म्हटलं, काका, एक बातमी आहे, मिहीरची. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "बातमी त्याची हाय ना? मग त्याला सांगू दे."

मी फोन मिहीरला दिला. तो घेऊन अंगणाच्या पार टोकाला, फणसाखाली गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. बराच वेळ तो बोलत होता, मग बराच वेळ नुसता ऐकत होता. काय ते मला कळलं नाही आणि त्याने पुढेही कधी सांगितलं नाही. एवढं दिसलं की ऐकता ऐकता तो वाकला, मग फोन कानाला तसाच धरून मातीत बसला, आणि हसता हसता आडवाच झाला.