माझ्या वाटणीची वायर

अकोल्याच्या आमच्या घरात एकाच्या तीन चुली झाल्या तेव्हा भांडी वाटली, खोल्या वाटल्या, विहिरीवरच्या पाळ्या ठरल्या. वाटता येईना तो गच्चीवरच्या लोखंडी पाइपावरचा अँटेना. टीव्ही तीन, अँटेना एक. शेवटी ठरलं, त्याच्यापासूनच तीन वायरी काढायच्या.

मी धाकटी सून. वय तेवीस, अक्कल त्याच्या निम्मी. दोघी जावा खाली राहायच्या. माझी खोली वर, पाइप अगदी डोक्यावर. आमच्या ह्यांनी चपटी वायर मोजली. जावांना वीस-वीस हात, मला आठ.

"काहून?" मी कंबरेवर हात ठेवले. "मीच काय फुकटची आली?"

"अवं, तुयी खोली वर हाय. लांब वायर घेऊन काय करशील?"

"वाटणी मंजे वाटणी. सगळ्याइले सारखी पाह्यजे."

ह्यांना भांडणाचा कंटाळा. दिली वीस हात. उरलेल्या बारा हातांची गुंडाळी मी टीव्हीमागे ठेवून वर क्रोशाचा रुमाल घातला. आपला हक्क कसा झाकून ठेवावा!

पडद्यावर मुंग्याच मुंग्या. हिरोइन दिसली तर दोन दिसायच्या.

मला सिनेमाची एवढी हौस नव्हती. वेगळी चूल आधी मी मागितली होती, आणि तेव्हापासून सासूबाई माझ्या खोलीत टेकल्या नव्हत्या. रविवारचा सिनेमा त्या थोरलीकडे बघायच्या. एकदा माझ्या खाटेवर येऊन बसल्या की त्यांचा राग गेला, असं मी मनाशी ठरवलं होतं.

एका रविवारी आल्याही. कठडा धरून जिना चढल्या, उभ्यानेच पडद्याकडे पाहिलं.

"हे लगन हाय का तेरवी? काईच दिसून नाही राहिलं," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

मला वाटलं, पाटाचं पाणी पहिला शेतकरी ओढतो तसं थोरली माझं चित्र ओढते आहे. अंगणात तिला म्हटलं, "जाऊबाई, थोडं चित्र आमच्यासाठी बी सोडत जा."

"घे ना माय," ती म्हणाली, "परातीत भरून घेऊन जा!"

शेवटी ह्यांनी बाळापूरचा मेकॅनिक आणला. तो आधी गच्चीवर गेला. तिन्ही वायरी एकीला एक पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. "हे असं बांधलं तं तिघाईचंही वाटोळं," असं म्हणत त्याने तिथे तीन तोंडांची एक छोटी डबी बसवली. मग माझ्या खोलीत येऊन रुमाल उचलला. गुंडाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे काय हाय?"

"माझ्या वाटणीची वायर."

तो हसला नाही. हे मात्र हसायला बाहेर गेले.

"बाई, चित्र वायरीत चालता चालता दमते. वायर लांब तं चित्र कमी. अन् तुमी त्याले गोल गोल फिरवून राहिले."

(हेच ज्ञान मी आता अमरावतीत नातवंडांना वायफायसाठी देते. कोणी ऐकत नाही.)

त्याने पक्कड माझ्या हातात दिली. "तुमची वाटणी हाय, तुमीच कापा."

जिन्यात दोघी जावा पदर तोंडाला लावून उभ्या. बारा हात! मी डोळे मिटले आणि कापली. त्याने टोकं सोलून जोडली, आणि चित्र इतकं स्वच्छ आलं की बातम्या देणारीची टिकली जराशी डावीकडे सरकलेली दिसली.

त्या रविवारी सासूबाई आल्या. पडद्याकडे पाहिलं, खाटेवर बसल्या, पाय वर घेतले. "आता कसं दिसून राहिलं! चहा ठेव वं जरा."

मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले आणि चहात साखर दोनदा टाकली. त्यांनी तो तसाच प्यायला.

पुढच्या रविवारी थोरलीही आपला पाट घेऊन हजर. "खाली बी दिसते, पण तुयाकडं जास्त साफ दिसते." माझी वायर सगळ्यात आखूड ना! मग मधली आली, तिच्यामागे तिची पोरं. माझ्या एवढ्याशा खोलीत अकरा माणसं, आणि खालचे दोन्ही टीव्ही बंद.

त्यानंतर मी एकही सिनेमा शेवटापर्यंत पाहिला नाही. चहाच संपायचा नाही. आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "धाकटे, ये ना वं लवकर, हिरोइन मरून राहिली!"

"मरू द्या आत्याबाई," मी ओरडायची, "इथं दूध उतू चाललं!"