रेघ नाल्याच्या कोणत्या बाजूला

माझा आवाज मोठा आहे. एवढ्या एकाच गुणावर मी आयुष्यात बऱ्याच समित्यांवर बसलो. दोन हजार सालानंतरची काही वर्षं आमच्या जिल्ह्यात तीन दिवसांची, तीन टप्प्यांची सायकल शर्यत भरायची. तिच्या समितीतही मला घेतलं ते माईक बिघडला तर सोय असावी म्हणून.

एका वर्षी प्रश्न उभा राहिला, शेवटचा टप्पा संपवायचा कुठे? गोंदियाच्या चौकात संपवला की ऑटो, गाई आणि बघे यांच्या गर्दीत पहिला कोण आला हेच कळत नसे. गावाबाहेरचा सरळ रस्ता हवा होता. ही बातमी सासऱ्यांच्या कानावर मीच घातली, जरा गंमत बघावी म्हणून.

सौंदडकडून गेलं की आधी एक गाव लागतं, मग नाल्यावरचा पूल, मग सासऱ्यांचं गाव. नाल्याच्या दोन बाजूंचं जुनं वैर.

सासरे म्हणाले, "बसचा थांबा त्यायचा, बँक त्यायची, दवाखाना त्यायचा. जवाईबापू, शर्यतीच्या शेवटाची एक रेघ तरी आमच्या शिवारात पडू द्या."

एवढ्यावर थांबतील तर ते सासरे कसले? भर ग्रामसभेत उठून त्यांनी सांगून टाकलं, "शर्यतीचा शेवट नाल्याच्या त्या बाजूले गेला, तर या सभेत मी पुन्हा तोंड उघडणार नाही." ग्रामसभेत सासऱ्यांचं तोंड म्हणजे आमच्या घराण्यातला दुसरा भोंगा. तो बंद होईल या आशेने काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

श्रावणात समिती पाहणीला गेली. पुलानंतरचा रस्ता बाणासारखा सरळ, पावसाने धुऊन काळाभोर, दोन्ही बाजूंना हिरवं धान. समितीचे प्रमुख निवृत्त खेळशिक्षक होते. ते म्हणाले, "देखो, आखरी आधा किलोमीटर एकदम साफ पाहिजे. तिथं पोरं मुंडी खाली घालतात. समोर भिंत असली तरी दिसत नाही त्यांना."

आम्ही हसलो. सर्वांत मोठ्याने मीच. जागा पक्की झाली.

शर्यत दिवाळीनंतर होती. शेवटच्या दिवशी सकाळपासून रस्ता वाहनांना बंद राहील, अशी दवंडी दोन्ही गावांत फिरली. मी गळ्यात भोंगा आणि मोटारसायकलला शेवटचा झेंडा अडकवून शर्यतीच्या पुढे निघालो. सौंदडपासून पुढे एक गाडी दिसेना. दक्षिणेला आभाळ निळंकाळं साकळलं होतं आणि वारा पडला होता. पूल ओलांडला आणि ब्रेक दाबला.

रस्ताच नव्हता.

पुलाच्या तोंडापासून गावापर्यंत धान पसरलं होतं. कापणी झाली की आमच्याकडे डांबरी रस्त्यासारखं दुसरं वाळवण नाही. एरवी अर्ध्या रस्त्यावर धान टाकतात आणि ट्रक चढू नये म्हणून कडेने डोक्याएवढे दगड मांडतात. आज दोन्ही अंगांनी धान होतं आणि मधोमध दगडांची रांग, पार गावापर्यंत.

माझी चुलतसासू पायाने धान उलथत होती.

"काकूजी, आजच्या दिवशी इथं धान कायले टाकलं?"

"आजच तर टाकाचं! रस्ता बंद हाय न? वर्षातून एक दिवस भेटला, ट्रकची कटकट नाही."

"अवो, सायकली येऊन राहिल्या!"

"येऊ दे न. सायकलचं वजन ते केवढं! धान मोडत नाही त्यानं."

सासरे नव्या शेल्यात उभे होते. मी विचारलं, "मामाजी, रेघ कुठं आहे?"

"हाय न. धानाखाली हाय," ते म्हणाले. ते धान त्यांचंच होतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सायकलींच्या पुढे धावणाऱ्या जीपमधून प्रमुख ओरडत होते, "सौंदड पार! सगळे एका झुंडीत आहेत!"

समजावायला वेळ नव्हता. मी आभाळाकडे पाहिलं, भोंगा तोंडाला लावला आणि आयुष्यातली सर्वांत सुंदर आरोळी ठोकली, "पाऊस आला होऽऽ! सौंदडले धो धो सुरू हाय!"

काय सांगू! समितीने वर्षभर विनवण्या केल्या असत्या तरी जे झालं नसतं ते झालं. घरं रिकामी झाली. खराटे, टोपल्या, ताडपत्र्या घेऊन माणसं रस्त्यावर कोसळली. बघता बघता ढीग कडेला गेले आणि काळा रस्ता उघडा पडला. मी स्वतःवर खूश होऊन खाली पाहिलं.

धान उचललं होतं. दगड तिथेच होते.

पावसाच्या भीतीने दगड कोण उचलतो? पुलापासून गावापर्यंत, दातांसारखे. मी हाका मारत सुटलो, पण प्रत्येक जण आपल्या ढिगावर ताडपत्री ओढत होता. लांबून जीपचा हॉर्न ऐकू आला. मुंडी खाली घातलेली ती पोरं मला डोळ्यांपुढे दिसू लागली.

सासऱ्यांनी दगडांकडे पाहिलं. मग पुलाकडे. रेघेसाठी आणलेली चुन्याची बादली उचलून ते माझ्या मागे मोटारसायकलवर बसले.

"चला."

"कुठं, मामाजी?"

"त्या बाजूले. आता विचारू नका."

नाल्यापलीकडच्या बसथांब्यासमोर त्यांनी वाकून रेघ ओढली. घाईत ती नागासारखी वाकडी आली. त्या गावचे लोक बघत राहिले. मी झेंडा हलवला, सासऱ्यांनी नवा शेला. जीपने आम्हाला पाहिलं, हॉर्न दाबून धरला आणि मागोमाग ती झुंड आली, खरोखरच खाली मुंड्या घालून. रेघ ओलांडली, माना वर झाल्या, ब्रेक किंचाळले. सर्वांत पुढचा पोरगा पूल उतरून थांबला तेव्हा त्याचं चाक पहिल्या दगडाला टेकलं होतं. त्याने तो दगड पाहिला, मग पुढची सगळी रांग पाहिली आणि तिथेच खाली बसला.

पाऊस आला नाही. ते आभाळ दिवसभर तसंच लटकून राहिलं. धान पुन्हा पसरताना सासुरवाडीने माझा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पुढच्या वर्षी समिती पुन्हा ग्रामसभेत गेली. प्रमुखांनी विचारलं, "शेवट कुठं ठेवायचा?" सगळं गाव मागच्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांकडे वळून पाहू लागलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतलाच एक म्हणाला, "बोला न आता, झालं गेलं."

सासऱ्यांनी तोंड उघडलं नाही. फक्त हात उचलून नाल्याची ती बाजू दाखवली.