बोगद्यातलं वेर्नात्सा

चहा घ्या निवांत. पण आधीच सांगून ठेवतो, झाल्या प्रकारात माझी चूक नव्हती. आमच्या घरात कुणी वेगळं सांगितलं तर ऐकू नका.

आम्ही इंदापूर-बारामतीकडचे द्राक्ष-डाळिंबवाले जोडीजोडीनं इटलीला गेलो होतो, तिकडच्या बागा बघायला. त्यात एक दिवस मोकळा मिळाला. आमची गाइड केतकी, पुण्याची पोरगी. ती म्हणाली, "आबा, आज रेल्वेनं समुद्राकाठची गावं बघू. वेर्नात्साला उतरायचं आणि तिथून बोट धरायची. बोट कुणासाठी थांबत नाही हं."

निम्मी मंडळी घेऊन ती पुढच्या डब्यात चढली. शेवटच्या डब्याची जबाबदारी माझ्यावर. आता मला सांगा, भिगवण स्टेशनावर ज्यानं निम्मं आयुष्य गाडीची वाट बघण्यात घालवलं, त्याला रेल्वे कुणी शिकवायची?

ती लाइन म्हणजे नुसते बोगदे. अंधार, मग एकदम निळाशार समुद्र, आणि तो नीट बघावा तोवर परत अंधार. माझी बायको सुमन खिडकीला नाक लावून बसली होती. बोटीत बसायचं म्हणून तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, खाली पांढरे बूट.

अशात गाडी बोगद्यातच थांबली आणि दारं उघडली. बाहेर मिणमिणता उजेड. आमची मंडळी उठायला लागली.

मी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दारात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. "बसा सगळी. क्रॉसिंग हाय."

"अवो, पलीकडच्या दारानं माणसं उतराय लागल्यात की," सुमन म्हणाली.

"उतरू दे. बोगद्यात कुणी ठेसन बांधतं का? आपली गाडी न्हाय का भिगवणच्या अलीकडं थांबत? तसंच हे."

वडगाव निंबाळकरचे दत्तातात्या माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. "आबा, खाली फरशी दिसती. फलाट असंल."

"तात्या, तुमी बसा. काय इपरीत झालं तर गावात तोंड मला दाखवायचंय."

तेवढ्यात तिथलीच एक म्हातारी, हातात तुळशीसारख्या रोपाची कुंडी, माझ्या बगलेखालून निघायला बघत होती. मी हात वर करून तिलाही थांबवलं. मराठीतच, पण जोरात. ती बिचारी जागच्या जागी थांबली. दारं मिटली.

गाडी हलली, बोगदा संपला आणि लख्ख उन्हात फलाट दिसला. पाटीवर मोठ्या अक्षरात वेर्नात्सा. पाटीखाली केतकी, दोन्ही हात डोक्याला लावून. मी तिला हात केला. दुसरं काय करणार?

 मी डब्यातल्यांना म्हणालो, "पाटी भाईर लावायची आन डबा बोगद्यात उभा करायचा, ही कुठली रीत?"

पुढच्या स्टेशनावर उतरून उलटी गाडी धरली. म्हातारीही आमच्याबरोबर. वेर्नात्साला पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली. आमच्यासाठी थांबल्यामुळं पुढच्या डब्यातल्यांचीही गेली. सुमन धक्क्यावर उभी राहून लांब जाणाऱ्या बोटीकडं बघत राहिली.  ते मात्र मला लागलं.

केतकीनं धावपळ करून दुपारच्या बोटीत सगळ्यांना जागा मिळवली. तरी मंडळी माझ्याकडं बघत होती ती बघतच होती. म्हातारी कुंडी घेऊन घराकडं निघालेली. मी म्हटलं, आता सोक्षमोक्ष होऊनच जाऊ दे.

"केतकी, इचार त्या आजीला. तिचं तर घर हाय हितं. फलाट हुता तर ती का न्हाय उतरली?"

म्हातारीनं मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि लांबलचक उत्तर दिलं. केतकी म्हणाली, "तिला वाटलं, तुम्ही रेल्वेचे कुणी मोठे साहेब आहात."

मी लगेच सुमनकडं वळलो. "ऐकलंस? परमुलखात बी माणसाची पारख हाय."

"तिचं बोलणं लई लांब हुतं," सुमन म्हणाली. "केतकी, पुरतं सांग गं."

केतकीनं माझ्याकडं बघायचं टाळलं. "ती म्हणते, काहीच माहीत नसताना इतक्या जोरात फक्त साहेबच बोलतात."