मामा बाहेर बसलेत

फाल्गुन, १९५७. चिंचवडच्या आमच्या अंगणात मी वर्षाच्या मिरच्यांची देठं काढत बसले होते आणि समोर माझे चुलत दीर स्वतःविषयी बोलायला शिकत होते. मिरच्यांचा त्रास त्या मानाने कमी होता.

स्वतःची इतकी कमी माहिती असलेला माणूस मी अख्ख्या पुणे जिल्ह्यात पाहिला नाही. निघोज्याहून ते आले की मी विचारायची, "भावजी, जेवलात का?" उत्तर यायचं, "आईचं झालं." बरे आहात ना म्हटलं की बैलाची तब्येत सांगायचे. एकदा अंगात ताप घेऊन चाकणला डॉक्टरांकडे गेले. काय होतंय विचारल्यावर यांनी आईच्या गुडघ्यांची सगळी हकीकत सांगितली. औषध मिळालं, म्हातारी चालायला लागली आणि हे आणखी आठवडाभर तापात पडून राहिले. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की आसपासच्या गावांतून यांनाच बोलावणं यायचं. पण दुरुस्त कुणी केलं म्हणून विचारावं, तर म्हणायचे, "झालं चालू."

सांगवीचं स्थळ तेव्हा ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांचं एकच म्हणणं होतं, की पिंपरीला निघालेल्या नव्या कंपनीत नोकरी लागली तर वैशाखात लग्न, नाहीतर ते दुसरीकडे बघणार. मुलगी भावजींच्या मनात भरली होती. तसं ते बोलले नाहीत. "आईला लई आवडली," एवढंच म्हणाले, त्यावरून मी ओळखलं.

म्हणून ही शिकवणी. साहेब काय काय विचारतात, याची माझे यजमान कंपनीच्या कचेरीत चौकशी करून आले होते.

"स्वतःबद्दल सांगा."

"आमी निघोज्याचे. मामा माणचे. थोरली बहीण—"

"तुमचं सांगा, भावजी."

"त्येच सांगतोय की, वैनी."

"तुमच्यात चांगलं काय आहे?"

"आपल्याच तोंडानं? लोक काय म्हणतील?"

"बरं, उणं काय?"

यावर त्यांनी बराच विचार केला. "धाकटा जरा तापट हाय," ते म्हणाले.

मुलाखतीला ते माणच्या मामांना घेऊन गेले. आमच्याकडे सोयरिकीच्या बैठकीत मुलगा मान खाली घालून बसतो आणि त्याचे गुण मामा सांगतो. प्रश्न तेच, तर रीतही तीच असणार, असा यांचा समज. साहेबांनी स्वतःबद्दल विचारताच हे म्हणाले, "मामा बाहेर बसलेत. त्यांना बोलवा." साहेब इतके गोंधळले, की त्यांनी खरंच बोलावलं. मामांनी फेटा सारखा केला, भाच्याचं निर्व्यसनीपण, पोहणं, इंजिनं सगळं सांगितलं आणि शेवटी रीतीप्रमाणे म्हणाले, "आमचं झालं. आता तुमचं मूळ गाव कुठलं, कंपनी वडिलार्जित का सवताची, त्ये सांगा." दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांतले एक म्हणाले, "कळवतो."

संध्याकाळी दोघं पडलेल्या चेहऱ्यांनी माझ्या ओट्यावर येऊन बसले. सोयरिकीत समोरचा "कळवतो" म्हणाला, की तो नकार समजून उठायचं असतं. मामा तसे उठले होते आणि तडक सांगवीला जाऊन, आमची वाट बघू नका, असं सांगूनही आले होते.

"अहो मामा, कंपनीत कळवतो म्हणजे खरंच कळवतात," मी म्हटलं.

"व्हय? मग तसं बोलायचं की त्यांनी."

भावजींना मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"आईला वाटंल," ते म्हणाले आणि माझ्या सुपातल्या मिरच्यांची देठं काढत राहिले. बोटांची आग होत असणार. तेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरच्या उन्हात घातल्या, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि टांगा करून सांगवीला गेले. मुलीच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. आत जात्याची घरघर चालली होती.

"कंपनी कळवंल तवा कळवंल," ते म्हणाले. "मुलगा कसा हाय, त्ये तुमी सांगा."

आतलं जातं थांबलं.

याच प्रश्नाचं उत्तर मी अंगणात बसून दुसऱ्याला शिकवत होते. आता पाळी माझी होती. मग मी म्हातारीच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली.