खवल्याएवढं मेमरी कार्ड

नाझनीनच्या तळहातावर ते काळं कार्ड पडलेलं असायचं... मोठ्या रोहूच्या खवल्याएवढं, तितकंच हलकं, उलटं केलं की एका कडेला सोनेरी रेघा चमकणारं. आणि मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून, बोटांना चिकटलेला मासळीचा वास फ्रॉकला पुसत पुसत, त्या कार्डाकडे नाही तर त्या तळहाताकडे बघत राहायची. स्वच्छ, कोरडा, शाईचा एक ठिपका असलेला तळहात. माझ्याच वयाचा. माझ्याच वर्गातला. मला त्या तळहाताचा हेवा वाटायचा.

सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात माझी माय मासळी घेऊन बसायची, ती नेमकी चाचाच्या मोबाइलच्या दुकानासमोर. चाचा म्हणजे नाझनीनचे वडील. दुपार कलली की त्यांच्या दुकानाच्या पत्र्याची सावली आमच्या टोपल्यावर यायची, आणि ती सावली यायच्या आधी चाचा स्वतः बाहेर येऊन मायजवळ पाण्याचा तांब्या ठेवून जायचे. दुकानात अगरबत्तीचा, चहाचा आणि तापलेल्या कम्प्युटरवरच्या धुळीचा असा एक मिसळलेला वास असे. तो वास मला आमच्या घरातल्या कुठल्याही वासापेक्षा श्रीमंत वाटे. बाहेर जाळ्याचा, चिखलाचा, वाळत घातलेल्या झिंग्यांचा वास; आत तो. मधे फक्त एक काचेचा काउंटर.

त्या काळी आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला येताना पिशवीसोबत मोबाइलमधलं कार्डही आणायची. तेल, मीठ, मिरची आणि गाणी — सगळं एकाच फेरीत. शाळा सुटली की चाचा नमाजाला किंवा गिऱ्हाइकांशी बोलायला मोकळे होत आणि कम्प्युटरच्या खुर्चीवर नाझनीन बसे. ती त्या खवल्याला एका मोठ्या प्लास्टिकच्या खापेत, म्हणजे अडॅप्टरमध्ये, सरकवायची, ती खाप यंत्राच्या तोंडात द्यायची. मग एक लाल बत्ती लुकलुकायला लागायची. पडद्यावर कार्डाचं नाव उगवायचं. त्यावर ती बाण नेई, उजवं बटण दाबे, आणि एक छोटी खिडकी उघडे. त्या खिडकीत कार्डाला कुठल्या पद्धतीनं बांधायचं ते निवडावं लागे. बटणांच्या फोनसाठी ती न चुकता ‘फॅट थर्टीटू’ निवडायची. ते दोन शब्द मी घरी भांडी घासताना मंत्रासारखे पुटपुटायची, अर्थ न कळता. मग पडदा विचारी — सगळं पुसलं जाईल, चालेल का? नाझनीन मान वर करून गिऱ्हाइकाला तेच विचारी. आणि मिशीवाले, फेटेवाले, एरवी पोरींकडे न बघणारे बापे तिच्यासमोर मान डोलावत.

काम झालं तरी ती कार्ड उपटत नसे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन आधी यंत्राची परवानगी काढायची.

“काढ ना पोरी, बस चालली माही!”

“लाल बत्ती बुझू द्या ना काका. जल्दीत काढलं तर कार्ड मरते.”

आणि काका थांबायचे! माझ्यासाठी कोण थांबलं होतं कधी?

कुणी म्हणेल, लहान पोरीचा हेवा, त्याचं काय एवढं. मी म्हणते, आहे. कारण कम्प्युटर आमच्या शाळेतही आला होता. वाजत-गाजत आला, नारळ फुटला, हळदकुंकू लागलं — आणि त्याच्यावर जे प्लास्टिकचं आवरण चढलं ते पुन्हा उतरलं नाही. खोलीला कुलूप. किल्ली मोठ्या गुरुजींच्या खिशात. “गुरुजी, एकदा पाहू द्या ना” म्हटलं की उत्तर ठरलेलं — “बिघडेल.” बिघडेल म्हणे! आम्ही तलावावर नावा हाकत होतो, फाटलं जाळं डोळे मिटून विणत होतो, आमच्या हातून काय बिघडणार होतं? खिडकीच्या फटीतून मला त्या पांढऱ्या आवरणाचा उंचवटा दिसे, एखादं प्रेत झाकून ठेवल्यासारखा. माझा हेवा त्या कुलपातून जन्मला. तो नाझनीनच्या अंगावर पडला एवढंच, कारण गुरुजींचा हेवा करता येत नाही आणि ती समोर होती.

आमचं गाव तलावाच्या पाळीखाली. आम्ही ढिवर. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी गुडघ्यावर आलं की तलाव झोडायचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच लांब जाळं काठाकाठानं ओढत न्यायचं, आणि असेल-नसेल ती मासळी काढायची. मग पाऊस पडला की रोहू-कतल्याचं नवं बीज सोडायचं. मात्र आमच्याकडे एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते : तलाव कितीही झोडा, मरळ संपत नाही. ती गाळात शिरून बसते. वर भेगा पडल्या तरी आत ओलाव्याला धरून असते, आणि नवं पाणी आलं की एखाद्या सकाळी पाळीजवळ पाठ दाखवते. “राहाचं ते राहतेच,” माय म्हणायची. घरातलं काही हरवलं तरी हेच म्हणायची.

जाळं ओढताना हाळी द्यायचं काम माझ्या बाबाचं. भाषणात आवाज चढवायला मी पुढे शिकले, पण तसा आवाज मला कधी जमला नाही. छातीतून नव्हे, पोटरीतून यायचा तो. “हैऽऽया... पाय रोवाऽऽ...” आणि पन्नास पाय चिखलात एकदम रुतायचे.

त्या वर्षी तलाव झोडायच्या दिवशी चाचा दावतीसाठी मासळी घ्यायला आले, सोबत नाझनीन. बाबाचा मोबाइल पाळीवर, कपड्यांच्या ढिगावर पडलेला. मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेलं लाल कव्हर घातलेला. नाझनीननं तो उचलला, दोन-चार बटणं दाबली आणि बाबाची हाळी भरून घेतली. आमच्या मोबाइलमध्ये आवाज भरता येतो हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आमच्या घरच्या वस्तूतली, आमच्या घरच्या माणसाची चीज — आणि ती सापडली तिला!

मी तेव्हा तिथे नव्हते. डोक्यावर टोपलं घेऊन पाळीवरून घरी चालले होते. मासळीचं पाणी टोपल्यातून गळून मानेवर, पाठीवर उतरत होतं, मान अवघडली होती. दुकानवाल्याच्या पोरीनं बटणं दाबायची आणि आमच्या पोरींनी टोपली वाहायची, हे कुणी ठरवलं? परत आले तर सगळे मोबाइलभोवती वाकून हसत होते.

“हा माहा आवाज होय?” बाबा लाजून म्हणत होता, “का हेला ओरडून राह्यला?” आमच्याकडे रेड्याला हेला म्हणतात.

“ऐकतं का वं?” त्यानं मला विचारलं.

“नाई,” मी म्हटलं. आवाज काय, बाबा काय, घरातच आहे, नंतर ऐकू. ज्याचा माणूस जिवंत असतो तो त्याचा आवाज जपून ठेवत नाही.

थोड्याच दिवसांत मोबाइल कार्ड दाखवीनासा झाला. पुढच्या बाजाराला मायनं ते पदराच्या गाठीत बांधून आणलं आणि मासळी विकून झाल्यावर काउंटरवर ठेवलं. “साफ कर अन् गच्च भरून दे, बाई.”

नाझनीननं ते यंत्रात लावलं. कम्प्युटरला मात्र आतलं थोडं थोडं दिसत होतं. तिनं कानाला हेडफोन लावला, एकदा ऐकलं, आणि हसली... मग हेडफोन उतरवून म्हणाली, “काकू, अंदर काकांची हाळी आहे. हे सगळं पुसलं जाईन. कम्प्युटरमधी ठेवू का? जागा आहे.”

“आपलं माणूस दुसऱ्याच्या घरी काऊन ठेवाचं?” माय म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. “तू साफ कर. राहाचं ते गाळात राहते.”

“काकू, यात गाळ नसते.”

“तुले काय मालूम वं? तू कधी उतरली का तलावात?” माय हसली, चाचा हसले, मीही हसले. नाझनीननं बटण दाबलं. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि क्षणात भरली. मग त्या रिकाम्या कार्डात लग्नाची, नाचाची, देवाची गाणी ओतली. मायनं काठोकाठ भरून घेतलं, जागा उरू दिली नाही. बीज सोडावं तसं.

पावसाळ्यात बाबाला ताप आला. तापाचं निमित्त झालं.

तेरवीनंतर माय बाजाराला गेली ती टोपलं न घेताच. पदराची गाठ सोडून तिनं ते कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, “भाऊ, गाळ उपसून पाहा.”

चाचा उठले. त्यांनी नाझनीनला शाळेतून बोलावून आणलं. तिनं कुठलंसं नवं सॉफ्टवेअर लावलं. पुसलेलं शोधून काढणारं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायानं सरकत होती. बाहेर पाऊस पत्र्यावर थडथडत होता, आणि माय नि मी ओल्या अंगानं, त्या चिमुकल्या दुकानात, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशा बसलो होतो. एकेक तुकडा वर येई. अर्धं गाणं. कुणाचा तरी निळा पडलेला चेहरा. घरघर. दर तुकड्याला माय पुढे वाके... आणि पुन्हा मागे होई. पट्टी भरली. बाबा नव्हता.

नाझनीननं खुर्ची मायकडे वळवली. मग म्हणाली, “काकू, तुमी बरोबर बोलल्या होत्या. गाळ असते. साफ केलं तं वरची पाटीच पुसली जाते, आतलं तसंच राहते. पर त्याच्यावर नवीन भरलं, की मग... आपण गच्च भरलं होतं ना काकू.”

मायनं मान हलवली. तलावाचं गणित तिला कुणी समजवायची गरज नव्हती. तिनं कार्ड पुन्हा गाठीत बांधलं. पण त्यानंतर ‘राहाचं ते राहते’ हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि मी? मला त्या दिवशी कम्प्युटरचा हेवा उरला नाही. त्याहून वाईट हेवा सुरू झाला. त्या हेडफोनचा. माझ्या बापाचा आवाज शेवटचा ज्या कानांनी ऐकला, त्या कानांचा. शाळेत तिच्या दोन रांगा पुढे बसून मी वर्षानुवर्षं मागे वळून पाहिलं नाही.

आता मी तलावांच्या हक्कांचं काम करते. गावोगावच्या पाळींवर उभी राहून बोलते, पत्रकं लिहिते. शाळेच्या कुलूपबंद खोल्यांवरही लिहिलं आहे आणि लिहिणार आहे. माझ्याकडे जुना का होईना लॅपटॉप आहे, आणि गळ्यात जाळ्याच्या दोऱ्याला ओवलेला पेनड्राइव्ह. पत्रकं छापायला मात्र सिंदेवाहीला नाझनीनकडेच जावं लागतं. दुकान आता ती चालवते. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसतात. ज्या जागी माय बसायची तिथे आता मोटरसायकली लागतात.

या हिवाळ्यात एकदा छपाई चालू असताना तीच म्हणाली, “काकांची हाळी मले अजून पाठ आहे.”

“आं?”

“आखरी मैनेच सुनी थी ना.” आणि छपाईच्या खडखडाटात, खुर्चीवर बसल्या बसल्या, तिनं डोळे मिटून सूर लावला — “हैऽऽया... पाय रोवाऽऽ...” बारीक आवाज, हिंदी वळणाचा. पण थांबायच्या जागा बाबाच्या. श्वास बाबाचा. “अन् मंग जाळं काठाले लागते, पाणी वाजते... अन् काका बोलतात, ‘हे मरळ बाजूले ठेवा रे. इकू नोका. माह्या पोरीसाठी आहे. तिची मान दुखत असन.’”

छपाई संपली होती. कागद ट्रेमध्ये तसेच.

त्या संध्याकाळी घरी मरळीचा रस्सा होता. मला आठवतं, स्पष्ट आठवतं. विकली गेली नसेल म्हणून शिजवली, असं वाटून मी फुरंगटून जेवले होते.

“आधी काऊन नाई सांगितलं?”

“तू कधी बोलली का माह्याशी?”

मग मी लॅपटॉपमधलं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिला म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं म्हटलं. पहिल्यापासून, त्या मरळीपर्यंत. मायच्या गाठीतलं ते जुनं कार्ड केव्हाच मुकं झालं, म्हणून नवं घेतलं. तिनंच ते साफ केलं, फॅट थर्टीटू बांधलं, फाइल आत ठेवली, लाल बत्ती विझेपर्यंत थांबली. प्लास्टिकच्या खापेच्या कडेला एक बारीकसा खटका असतो. तो खाली सरकवला की त्या कार्डावर नवं काही भरता येत नाही, जुनं पुसता येत नाही. नखानं तो तिनं खाली सरकवला आणि खाप माझ्या हातावर ठेवली.

आठवड्यातून एखाद्या वेळी मी ते लावते. आवाज नाझनीनचा असतो, बोल बाबाचे असतात. आणि मी तिथे नसते... मी अजून डोक्यावर टोपलं घेऊन, मानेवर गळणारं पाणी पुसत, पाळीवरून घरी चाललेली असते.