फिनेलने धुतलेला हौद

बाबा सावली गावाजवळच्या बटाटा वेफर्सच्या कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्यामागे सालींचा ढीग कुजायचा आणि वारा फिरला की गावकरी भांडायला यायचे. बाबांनी कारखान्याच्या गुजराती शेठचा पिच्छा पुरवून तिथे बायोगॅसची टाकी बांधून घेतली. साली हौदात कालवून टाकीत सोडायच्या, त्यांच्या गॅसवर इंजिन चालवायचं आणि कारखान्याची वीज जागच्या जागी तयार करायची. "साहेब, तमारा भरोसे," शेठ म्हणाले. इंजिन बंद पडलं तर डिझेलचा जनरेटर आणीन, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

त्या विजेवर कारखान्यातले दिवे लागले तेव्हा बाबा घरी येऊन लहान मुलासारखे बोलत सुटले होते. निवृत्ती जवळ आली होती आणि आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं त्यांनी हे एकच केलं होतं.

आमचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. खंडेनवमीला पणजोबांची तलवार लखलखीत केल्याशिवाय तिला फूल वाहायचं नाही, हा घरचा दंडक. बाबांनी तो कारखान्यातही नेला. त्या वर्षी पूजेआधी त्यांनी सालींचा हौद फिनेल ओतून ओतून धुऊन घेतला. वास म्हणून राहता कामा नये! ते सगळं पाणी उताराने टाकीत गेलं. मग हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. साली कुजवणारे जंतू हाच टाकीचा जीव, असं कामगारांना समजावणारे बाबाच, आणि ते जंतू मारले त्यांनीच.

दसऱ्यानंतर गॅस कमी होत गेला, टाकीला आंबूस घाण सुटली, इंजिन आचके देत थांबलं. बाबांनी दोष कुणावर ढकलला नाही. शेठना खरं ते सांगून थोडी मुदत मागितली. मग आंबटपणा मोडायला टाकीत चुना घातला आणि नव्या जंतूंसाठी गावातल्या गोठ्यांतून ताजं शेण आणवून, कोपरापर्यंत हात बरबटून, स्वतः कालवून ओतलं. घरात मोरी तुंबली तरी नाकाला रुमाल लावणारा हा माणूस! मला आधी त्यांचा राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची. ते धड जेवत नव्हते. आई रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "आज काही?" ते नकारार्थी मान हलवायचे.

एका रविवारी आईने मला डबा देऊन त्यांच्याबरोबर पाठवलं. टाकीजवळच्या, गॅस तपासायच्या शेगडीला बाबांनी काडी लावली. उन्हात ज्योत दिसेना. त्यांनी वर हात धरला, चटका बसला आणि ते मोठ्याने हसले. आम्ही तसेच शेठच्या ऑफिसकडे निघालो. अंगणात ट्रकमधून नवाकोरा जनरेटर उतरत होता. शेठ बाहेर आले. त्यांनी बाबांचे हात हातात घेतले. "माफ करजो, साहेब. माल अटकी गयो, हुं रोकाई न शक्यो. टाकी हवे बंद करीए." माल अडकल्यामुळे त्यांना आणखी थांबता आलं नव्हतं आणि टाकी आता बंद करायची होती.

बाबा "बरोबर छे" एवढंच म्हणाले. परतताना वाटेत मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

आई दारात उभी होती. "गॅस पेटला का हो?"

"पेटला," बाबा म्हणाले.

तिने देवापुढे साखर ठेवली आणि शिरा करायला घेतला. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसले. तिने आग्रहाने वाढला तेवढा सगळा त्यांनी खाल्ला.